चाकाच्या खुर्चीसाठी चाकावरचं घर : वाचकांचे प्रश्न

मोटरहोमच्या मालकालाच चालता येत नसेल किंवा कमी चालता येत असेल, तर गाडीत काय काय बदलावं लागतं, यावरची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रांतला प्रश्नापुरता मजकूर ठेवला आहे. मापं मिलिमीटरमध्ये आहेत. उदाहरणाला घेतलेले आकडे तुमच्या गाडीचे नव्हेत, तेव्हा टेप घेऊन मोजल्याशिवाय कुणाला काही कापायला सांगू नका.

प्रश्न : कमरेखाली हालचाल नाही. हाताने ढकलायची साधी व्हीलचेअर वापरतो. लांब चॅसीची जुनी व्हॅन घेतली आहे. आत बेड, ओटा आणि बाथरूम करायचं आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले फॅब्रिकेटर म्हणतात, मागे घडीचा रॅम्प लावू, लिफ्टचे पैसे वाचतील. व्हॅनचा फ्लोअर जमिनीपासून ७२० मि.मी. उंच आहे. रॅम्प चालेल का? – एक वाचक, राजारामपुरी

नाही चालणार. कारण साधं त्रैराशिक आहे. व्हीलचेअरवाल्याला स्वतःच्या हाताने चढता यावं म्हणून रॅम्पचा उतार १:१२ धरतात. ७२० ला १२ ने गुणलं की ८,६४० मि.मी. होतात. म्हणजे रॅम्पच गाडीपेक्षा लांब. मागून ढकलणारा माणूस कायम सोबत आहे असं धरून उतार १:६ केला, तरी ४.३ मीटर लागतात. तुमचं वजन ७५ किलो आणि खुर्ची १८ किलो धरली, तर त्या उतारावर ढकलणाऱ्याला सतत साधारण १५ किलोचा जोर लावावा लागतो, आणि उतरताना तेवढाच जोर लावून खुर्ची मागे धरून ठेवावी लागते. प्रत्यक्षात फॅब्रिकेटर जो घडीचा रॅम्प करून देतात तो असतो २.४ मीटरचा. त्याचा उतार १:३.२, म्हणजे साडेसतरा अंश. तिथे जोर जातो २८ किलोवर. खुर्चीची पुढची चाकं उचलली जातात आणि माणूस पाठीवर पडू शकतो. पावसात ओल्या चेकर प्लेटवर तर हा विचारच नको. रॅम्प ठेवायचाच असेल तर रिकामी खुर्ची आणि सामान चढवायला ठेवा.

तेव्हा लिफ्ट. १२ व्होल्टवर चालणारी, इलेक्ट्रो-हायड्रॉलिक, ३०० किलो क्षमतेची लिफ्ट हाताच्या खुर्चीला भरपूर आहे, आणि उद्या बॅटरीची खुर्ची घेतली तरी पुरते. प्लॅटफॉर्मची मोकळी जागा निदान ८०० × १२०० हवी. फूटरेस्टसकट खुर्ची १०५० ते ११०० लांब भरते आणि बुटाची टोकं त्याच्याही पुढे असतात. १००० लांबीचा प्लॅटफॉर्म 'बसतो की' म्हणून गळ्यात मारतात आणि मग पहिल्याच आठवड्यात अंगठा दाराच्या चौकटीत सापडतो. पायाला संवेदना नसेल तर ते कळतही नाही. बाहेरच्या कडेची अडवणपट्टी आपोआप उभी राहणारी असावी. हँडब्रेक ओढल्याशिवाय लिफ्ट हलू नये, असा स्विचही मागून घ्या.

मागे लावायची की बाजूला? बाजूच्या लिफ्टला गाडीशेजारी अडीच मीटर मोकळी जागा लागते : सव्वा मीटर प्लॅटफॉर्म, सव्वा मीटर खुर्ची वळवायला. महाद्वार रोडच्या आसपास गाडी लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मागच्या लिफ्टला जागा कमी लागते, पण मागे कुणी गाडी चिकटवून उभी केली की तुम्ही आत अडकलात. शिवाय वजन. हा मुद्दा जवळजवळ सगळेच सोडून देतात, म्हणून गणितच मांडतो.

समजा लिफ्ट १४० किलोची आहे आणि मागच्या ॲक्सलच्या १००० मि.मी. मागे बसते. व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर, ३३५० आहे. मग मागच्या ॲक्सलवर १४० नव्हे, १८२ किलो येतात, आणि पुढचा ॲक्सल ४२ किलोने हलका होतो. तराजूच्या दांडीसारखं हे चालतं. त्यात १०० लिटरची पाण्याची टाकी आणि बॅटऱ्याही 'मागे जागा आहे' म्हणून मागेच टाकल्या की पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग सैल लागतं आणि आंबा घाटातल्या ओल्या वळणावर गाडी सरळ जाऊ बघते. मागची लिफ्ट घ्यायची तर टाकी आणि बॅटऱ्या दोन ॲक्सलच्या मध्ये, जमेल तितक्या पुढे घ्या.

काम सुरू करायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा गाडी काट्यावर न्या. पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं, अशी तीन वजनं घ्या. पुढची आणि मागची मिळून अख्ख्या वजनाच्या जवळपास आली पाहिजेत. डिझेल पूर्ण, पाणी पूर्ण, माणसं आपापल्या जागी बसलेली. कंपनीच्या प्लेटवर प्रत्येक ॲक्सलची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती बघा. एकूण वजन बसलं म्हणजे झालं असं नाही. (गळीत हंगामात कारखान्याच्या आसपासच्या काट्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, भल्या सकाळी जा.)

शेवटचं माप दाराचं. तुमच्या रोजच्या खुर्चीत, रोजच्या गादीवर बसा आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजून घ्या. १३४० आलं तर दाराची मोकळी उंची निदान १४१० हवी. गादी विसरू नका. चांगली गादी ७५ ते १०० मि.मी. जाड असते आणि तेवढंच डोकं वर जातं.

याच वाचकांचा दुसरा प्रश्न : आतली रुंदी १७५० आहे. बेड किती उंच ठेवायचा आणि खुर्ची आत वळेल का?

वळणार नाही. जागच्या जागी फिरायला साधारण १५०० व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं आणि एका बाजूला ओटा आला की ते संपतं. त्यामुळे 'सरळ आत, उलट बाहेर' असंच गृहीत धरा. खुर्ची ६४० रुंद असेल तर मधली वाट ८०० हवी. ७०० मध्येही ती जाते, पण चाक ढकलणाऱ्या हाताची बोटं सोलवटतात.

बेडची उंची फॅब्रिकेटर ६५० करतो, कारण खाली टाक्या बसतात. तुम्हाला ती खुर्चीच्या बैठकीइतकी हवी, आणि तीही दोन्ही दबलेल्या अवस्थेत. खुर्चीची बैठक तुम्ही बसल्यावर ५०० राहते असं धरू. १२५ चा फोम बसल्यावर ३५ ने दबतो, उरतात ९०. म्हणजे बेडची फळी ४१० वर. याहून उंच बेडवर चढताना खांदे ओढले जातात. हाताच्या खुर्चीवाल्याचे खांदे म्हणजे त्याचे पाय, ते लवकर झिजवू नका. फळीखाली, कडेला २०० उंच आणि १५० खोल अशी खाच सोडा. फूटरेस्ट त्यात शिरलं की खुर्ची बेडला चिकटते आणि ट्रान्सफर बोर्डला (खुर्चीवरून बेडवर सरकायच्या फळीला) आधार कमी लागतो. बेडची कड लाकडी पट्टीची नको, गोल आणि गादी लावलेली करा. तिच्यावरून घसरताना कातडी सोलते आणि बेडसोअर तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : प्रवासात आईला व्हीलचेअरवरच बसवतो. खुर्ची चार पट्ट्यांनी फ्लोअरला बांधली आहे, पट्ट्यांचे हूक प्लायमध्ये स्क्रूने बसवले आहेत. हायवेवर जोरात ब्रेक लागला तेव्हा मागचे दोन हूक प्लायसकट उपटले. आई सुखरूप आहे. आता जाड स्क्रू लावावेत का? – एक वाचक, कागल

स्क्रूच नको. आणि हूक बदलण्याआधी गाडीत आईंना खुर्चीवर बसवून नेणं थांबवा.

खुर्ची बांधायच्या पट्ट्या आणि माणसाचा बेल्ट यांची आयएसओ १०५४२ या मानकाची चाचणी ताशी ४८ कि.मी. वेग आणि २० जी इतक्या धक्क्यावर घेतात. २० जी म्हणजे वस्तू क्षणभर स्वतःच्या वीसपट वजनाने ओढते. २२ किलोची रिकामी खुर्ची ४४० किलोने, आणि बॅटरीवर चालणारी १०० किलोची खुर्ची दोन हजार किलोने. तुमचं तर नुसत्या ब्रेकने उपटलं, जो एक जी सुद्धा नसतो. १८ च्या प्लायमध्ये स्क्रूची पकड ही लाकडाच्या धाग्यांची पकड असते. ओल आली की तीही जाते.

बोल्ट फ्लोअरच्या आरपार जायला हवेत. एम-१०, ८.८ ग्रेड, खाली निदान १०० × १०० ची, ५ मि.मी. जाड पोलादी प्लेट आणि नायलॉक नट. शक्य तिथे प्लेट चॅसीच्या आडव्या दांडीला (क्रॉस मेंबरला) येऊन टेकेल अशी जागा निवडा. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा : डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंगची जुडी कुठून जाते ते. चॅसीच्या लांब रेलच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. चीर तिथूनच सुरू होते. कुठेही वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या शेजारीच लावा. हे न केल्याने ईसीयू जळतो आणि मग 'गाडी आधीपासूनच बिघडलेली होती' हे ऐकून घ्यावं लागतं.

पट्ट्यांचे कोन : मागच्या दोन पट्ट्या फ्लोअरशी ३० ते ४५ अंश, पुढच्या दोन ४० ते ६० अंश. बाजूने बघितलं तर खुर्ची तंबूसारखी ताणलेली दिसली पाहिजे. पट्टी खुर्चीच्या चौकटीला, वेल्डिंगच्या सांध्याजवळ. हातटेकणीला, फूटरेस्टला किंवा चाकाला कधीच नाही. खुर्चीचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेलाच. आडवी बसवलेली खुर्ची, जी आपल्याकडे खिडकीतून बघायला बरी म्हणून बसवतात, ब्रेक लागला की माणसाला कुशीवर आपटते.

माणसाचा बेल्ट वेगळा. तो खुर्चीला नाही, गाडीला बांधलेला असावा : कमरेचा पट्टा ओटीपोटावर नव्हे तर कमरेच्या हाडांवर, आणि खांद्याचा पट्टा भिंतीतल्या मजबूत जागेवरून. बेल्ट खुर्चीलाच असेल तर धडकेत माणसाचं वजनही त्याच चार पट्ट्यांवर येतं : ७५ अधिक २२, गुणिले २०, म्हणजे १,९४० किलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेडिकल दुकानात मिळणारी क्रोमची, मध्ये फुली असलेली घडीची खुर्ची या कामासाठी केलेलीच नसते. गाडीत बसून जायच्या खुर्चीची आयएसओ ७१७६-१९ प्रमाणे चाचणी झालेली असते आणि तिच्यावर चार ठिकाणी हुकाचं चिन्ह असतं. ते नसेल तर पट्ट्या कितीही चांगल्या लावा, खुर्ची मधूनच मिटेल. आईंना गाडीच्या सीटवर बसवा, सीटबेल्ट लावा आणि रिकामी खुर्ची घडी करून सामानासारखी बांधा. सीटवर घेताना त्रास होतो हे खरं, पण त्यासाठी ट्रान्सफर बोर्ड आणि एक मदतनीस पुरतो.

प्रश्न : लिफ्ट सकाळी नीट चालते. संध्याकाळी अर्ध्यावर थांबते, मोटर घुंई घुंई करते. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, नवीन घ्या. – एक वाचक, इचलकरंजी

पंपाला हात लावण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. संध्याकाळी, लिफ्ट वर जात असताना एकाच वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज बघा : बॅटरीच्या खुंट्यांवर आणि पंपाच्या मोटरच्या खुंट्यांवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरचा. दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर दोष बॅटरीचा. दोन्हीकडे १२ च्या वर असूनही मोटर दमत असेल, तरच पंपाकडे बघा.

बहुतेक वेळा वायरच निघते. तुमच्या पत्रात केबल १० स्क्वेअर एमएम आणि अंतर ६ मीटर दिलं आहे. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे १२ मीटर तांबं. १० स्क्वेअरला त्याचा रोध होतो सुमारे २१ मिलिओहम. लिफ्टची मोटर ८० ॲम्पिअर ओढते. १.७ व्होल्ट वायरमध्येच गेले! सकाळी बॅटरी भरलेली असते तेव्हा मोटरला ११ च्या आसपास मिळतात, कसंबसं चालतं. दिवसभर फ्रिज आणि पंखा चालून बॅटरी उतरली की मोटरला दहा-साडेदहा मिळतात आणि सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा स्विच) टकटक करून सुटतो. २५ स्क्वेअरची केबल टाकली तर हीच घट ०.६७ व्होल्टवर येते. ३५ ची टाकली तर अजून बरं. निगेटिव्हसाठी बॉडीच्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका, तीही केबल थेट बॅटरीपर्यंत ओढा. रंगावर कसलेला अर्थचा बोल्ट हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. केबलच्या टोकाचा लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने ठोकलेला लग सहा महिन्यांत गरम व्हायला लागतो. फ्यूज १२५ ते १५० ॲम्पिअरचा, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात. लिफ्टजवळ लावलेला फ्यूज मधल्या सहा मीटर वायरला वाचवत नाही.

लोक घाबरतात की लिफ्ट बॅटरी खाते. नाही खात. ८० ॲम्पिअर २० सेकंद म्हणजे अर्धा ॲम्पिअर-अवरसुद्धा नाही, आणि खाली येताना तर ती वजनानेच येते. खरी खाणारी आहे बॅटरीची व्हीलचेअर. २४ व्होल्टचा ८ ॲम्पिअरचा चार्जर सहा तास चालला तर चार्जर-इन्व्हर्टरमधली घट धरून १.४ युनिट जातात, म्हणजे १०० ॲम्पिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी (१.२८ युनिट) रात्रीत संपवूनही कमीच पडते. खुर्ची मुक्कामाच्या ठिकाणच्या विजेवर किंवा गाडी चालू असताना १२ ते २४ व्होल्टच्या चार्जरवर भरा. इन्व्हर्टरवर रात्रभर लावून ठेवली की सकाळी लिफ्टही नाही आणि खुर्चीही नाही.

आणि लिफ्टचा हातपंप. त्याचा दांडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटमागे पिशवीत असतो. आत अडकलेल्या माणसाला खुर्चीवर बसून हात पोचेल तिथे तो क्लिपवर लावा, म्हणजे जमिनीपासून ६०० ते ९०० वर, अग्निशामकाच्या शेजारी. महिन्यातून एकदा वीज बंद करून फक्त हातपंपाने एक फेरी करा.

प्रश्न : गाडीत बाथरूम करून घेतलं आहे. पाणी एका कोपऱ्यात तुंबतं आणि धरायचा दांडा भिंतीतून सैल झाला आहे. मी वॉकरवर चालते, पण अंघोळीला खुर्चीवर बसावं लागतं. – एक वाचक, जयसिंगपूर

पाण्याचं कारण गाडीत नाही, गाडी कुठे उभी आहे त्यात आहे. बाथरूमच्या फ्लोअरला उतार १:५० देतात, म्हणजे ९०० मि.मी. ला १८. अंशात हा उतार सव्वा अंशाहूनही कमी. पन्हाळ्याला कुठेही गाडी लावा, दोन अंश तिरकी राहतेच. मग पाणी जाळीपासून लांब पळतं. उतार वाढवला तर अंघोळीची खुर्ची घसरते. उपाय एकच : समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन जाळ्या, दोन्हींचे पाइप खाली एकत्र करून सांडपाण्याच्या टाकीत. हे फ्लोअर न उकरता होत नाही. तोवर चाकाखाली लाकडी पाचर घालून गाडी समपातळीत आणा. ओट्यावर लहान पाणसळ कायमची चिकटवून टाका.

दांड्याचं दुखणं वेगळं. गाडीची भिंत म्हणजे बाहेर जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा, मध्ये फोम आणि आत पातळ प्लाय. स्क्रू त्या पातळ प्लायमध्ये असतो. माणूस तोल जाताना दांडा हळू धरत नाही, अंगाचं सगळं वजन झटक्याने टाकतो. आतला प्लाय उघडून चौकटीच्या दोन चौकोनी पाइपांमध्ये आडवी पट्टी वेल्ड करा, किंवा १२ चा मरीन प्लाय (आयएस ७१० छाप बघून) ३०० × ३०० चा तुकडा चौकटीला बोल्टने बसवा आणि दांडा त्याच्यातून आरपार घ्या. दांडा ३२ ते ३८ व्यासाचा एसएस ३०४ पाइप, भिंतीपासून बोटं जायला ४० चं अंतर. उंची ७०० ते ७५०, पण तुमची कोपराची उंची बघून ठरवा. चकचकीत पॉलिश घेऊ नका, साबणाच्या हाताला ते निसटतं. मॅट फिनिश मिळतं.

बसायची घडीची सीट ४८० उंचीवर, १५० किलो क्षमतेची, आणि तिचेही बोल्ट असेच आरपार. दाराऐवजी पडदा किंवा बाहेर सरकणारं दार, कारण आत उघडणारं दार पडलेल्या माणसाला अडकून बसतं आणि बाहेरून उघडताच येत नाही. उंबरा १२ मि.मी. पेक्षा जास्त नको. त्यावर दबणारी रबरी पट्टी लावली की पाणीही थांबतं. गरम पाण्याच्या नळावर थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवा आणि तो ४० अंशांवर लावून ठेवा. पायांना संवेदना कमी असलेल्या वाचकांसाठी ही चैन नाही : गिझरचं पाणी पायावर पडून फोड आला तरी त्यांना दिसेपर्यंत कळत नाही.

कॅसेट टॉयलेटची (खालची टाकी बाहेर काढून रिकामी करायचा संडास) भरलेली टाकी वीस किलोच्या आसपास जाते. ती कोण काढणार, हे विकत घेण्याआधी ठरवा. चाकं असलेली टाकी मिळते. तरी बाहेरच्या झडपेतून खाली उतरवायला दोन पायांवर उभा माणूस लागतोच.

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू कमजोर आहे. व्हीलचेअर नको म्हणतात. बाजूच्या दाराची पायरी जमिनीपासून ४२० आहे. फिरती सीट लावली तर सोपं होईल का? – एक वाचक, गारगोटी

आधी पायरी, मग सीट. ४२० च्या एका उडीऐवजी मध्ये दोन पायऱ्या टाका, म्हणजे प्रत्येक चढ १४० चा होईल. पाऊल पूर्ण टेकेल अशी ३०० खोलीची फळी, कडेला पिवळी खरखरीत पट्टी. सुटी पायरी नको, ती गवतावर डुगडुगते. गाडीला अडकणारी, घडीची घ्या.

दांडा दाराच्या दोन्ही बाजूंना हवा आणि फॅब्रिकेटर नेमका एकच लावतो. चढताना वडिलांचं तोंड गाडीकडे असतं, तेव्हा त्यांच्या चांगल्या डाव्या हाताला दाराची पुढची चौकट येते. उतरताना तोंड बाहेर होतं आणि त्याच डाव्या हाताला मागची चौकट येते. एकच दांडा असेल तर एका वेळेला तो निकामी हातालाच येणार. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, हे फिजिओथेरपिस्टने सांगितलं असेलच.

फिरत्या सीटच्या चकतीने सीट ५० च्या आसपास उंच होते. पाय फ्लोअरला टेकत नाहीत, लोंबकळतात आणि तासाभरात सुजतात. खाली तेवढीच उंच फळी द्या. सीट फिरताना दाराच्या खांबाला किंवा हँडब्रेकच्या दांड्याला अडते का, ते चकती विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून बघा. बेल्टचं बकल सीटबरोबर फिरलं पाहिजे.

प्रश्न : आरटीओत काय करावं लागतं? आणि हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवून मीच चालवू शकेन का? दोन्ही पायांत पोलिओ आहे. गाडी डिझेल, गिअरची. – एक वाचक, ताराबाई पार्क

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी गाडी 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणून बदलून घेण्याची तरतूद स्पष्ट झाली आहे, पण अटींसह. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी लेखी परवानगी, मग काम, मग तपासणी आणि आरसीवर नोंद. परवानगीशिवाय बदल होऊन बसला असेल तर तो १४ दिवसांत कळवायचा असतो. अर्जासोबत लिफ्टची कंपनीची कागदपत्रं, मापांसह रेखाचित्र, काट्याच्या पावत्या आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जोडा. जुनी गाडी पिवळ्या पाटीची असेल तर ती खासगी करून घेणं हे वेगळं काम आहे, ते आधी उरका. सीट काढल्या असतील तर आसनसंख्याही आरसीवर बदलावी लागते. विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. नोंद नसलेली लिफ्ट अपघातानंतर सर्व्हेअरला पहिल्यांदा दिसणं बरं नव्हे.

चालवण्याबद्दल. लायसन्ससाठी नमुना १-अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि चाचणी बदल केलेल्याच गाडीवर द्यावी लागते. पण गिअरच्या डिझेल गाडीला हातकंट्रोल बसवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की ॲक्सिलरेटर असा दांडा एका हाताला. स्टिअरिंग दुसऱ्या हाताला. मग गिअर आणि क्लच कुणाला? ऑटो-क्लचची किट लहान कारला बसतात. पाणी, लिफ्ट आणि फर्निचर भरलेली गाडी गगनबावड्याच्या करूळ घाटात उतरवताना एक हात सतत ब्रेकच्या दांड्यावर राहतो आणि अर्ध्या घाटात बधिर होतो. ऑटोमॅटिक गिअरची गाडी बघा. त्यातही पेडलपुढे अडवणपट्टी बसवा, म्हणजे पाय आखडून पेडलखाली जाणार नाही, आणि मूळ पेडल दुसऱ्या ड्रायव्हरला वापरता येतील असेच ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी असते. लिफ्टचं काय करू? – एक वाचक, राधानगरी

राधानगरीचा पाऊस बघता उघड्यावर ठेवू नकाच. लिफ्ट घडी करून ठेवण्याआधी सांध्यांतली तांबडी माती साध्या पाण्याच्या धारेने काढा. प्रेशर वॉशर सांध्यावर मारला तर पाणी बुशमध्ये घुसतं आणि ग्रीस बाहेर येतं. कोरडं झाल्यावर प्रत्येक निपलला, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत, ग्रीस मारा. सिलिंडरचा चकचकीत दांडा आत गेलेला असेल अशा स्थितीत लिफ्ट उभी करा. बाहेर राहिलेल्या दांड्यावर गंजाचे टिपके येतात आणि ते पुढे सील कापतात. लिफ्टला टोकाला थांबवणाऱ्या लिमिट स्विचच्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीसचा ठिपका. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. दर पंधरा दिवसांनी ती जोडून लिफ्ट एकदा रिकामी खाली-वर करा, आणि सप्टेंबरात पहिल्यांदा माणूस चढवण्याआधी ७५ किलोच्या सिमेंटच्या दीड पोत्याने दोन फेऱ्या करून बघा.